मोजक्या रंगांची श्रीमंती

ज्या चित्रात रंग अधिक, ते चित्र अधिक संपन्न, अशी सर्वसाधारण समजूत आहे. चित्रकाराच्या बाबतीत ती काही अंशी खरीही असेल. कारण त्याच्या तबकडीवर दोन रंग एकत्र आले की तिसरा आपोआप जन्म घेतो आणि त्यासाठी त्याला निराळा खर्च करावा लागत नाही. छापणाराची स्थिती वेगळी असते. त्याला प्रत्येक रंगासाठी वेगळा ठसा, वेगळा दगड किंवा वेगळी जाळी लागते. प्रत्येक रंगाबरोबर खर्च वाढतो, वेळ वाढतो आणि चूक होण्याची एक नवी जागा तयार होते. म्हणून छपाईच्या इतिहासात जुना आणि मूलभूत प्रश्न एकच आहे : हाताशी रंग मोजके असताना चित्र भरगच्च कसे दिसावे?

आज बंगळूर शहरात हा प्रश्न रोज विचारला जातो. महाविद्यालयाचे संमेलन असो, धावण्याची शर्यत असो, एखाद्या कंपनीचा वाढदिवस असो. त्या निमित्ताने शेदोनशे टी-शर्ट छापून घ्यावयाचे ठरते. गिऱ्हाईक चित्र पुढे ठेवते. त्यात सूर्यास्त असतो, झाडे असतात, माणसांचे चेहरे असतात. छापणारा ते चित्र निरखतो आणि पहिला प्रश्न विचारतो, तो चित्राच्या विषयाविषयी नसतो. रंग किती, एवढेच तो विचारतो. त्या प्रश्नाच्या उत्तरावर पुढचे सारे अवलंबून असते. हा प्रश्न यंत्रयुगाने निर्माण केला असे वाटण्याचा संभव आहे. वस्तुतः तो फार जुना आहे. आणि याच शहरात मराठी बोलणाऱ्या एका समाजाने तो आपल्या परीने सोडविला होता.

बंगळूरशी मराठी माणसाचा संबंध म्हटला की शहाजीराजांची आठवण होते, आणि ते योग्यच आहे. केंपेगौडाने १५३७ च्या सुमारास वसविलेले हे गाव १६३८ साली विजापूरच्या फौजेने घेतले आणि ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. त्यांच्या दरबाराचे वर्णन करणारे जयराम पिंड्ये यांचे ‘राधामाधवविलासचंपू’ हे काव्य इतिहासाचार्य राजवाडे यांनी १९२२ साली प्रसिद्ध केले, आणि अनेक भाषांतील कवी जेथे एकत्र येत असा तो दरबार मराठी वाचकांना परिचित झाला. १६८७ साली शहर मोगलांच्या हाती गेले आणि लवकरच तीन लक्ष रुपयांच्या मोबदल्यात म्हैसूरच्या चिक्कदेवराज वोडेयरांकडे आले. राजकीय इतिहास एवढ्यावर हा अध्याय मिटवितो.

परंतु तलवारीच्या आणि दौतीच्या मागून आणखी एक मराठी वस्ती दक्षिणेत पसरली होती. ती सुईची आणि रंगाच्या रांजणाची होती. म्हैसूर संस्थानाच्या १८९१ आणि १९०१ सालच्या शिरगणतींच्या अहवालांत ‘दर्जी’ या वर्गाची माहिती दिलेली आहे. हे लोक मराठी मुलखातून आलेले शिंपी असून पंढरपूरचा विठोबा हे त्यांचे मुख्य दैवत आहे, असे तेथे म्हटले आहे. त्यांच्यात नामदेव शिंपी आहेत, तसेच रंगारेही आहेत. आणि रंगारे शिवणकामाबरोबर कापड रंगविण्याचे व छापण्याचेही काम करतात, अशी नोंद आहे. मद्रास इलाख्याच्या १८९१ च्या अहवालातही तेलुगू जिल्ह्यांतील रंगारी मूळचे मराठे असून अद्याप मराठी बोलतात, असा उल्लेख सापडतो. एडगर थर्स्टन यांनी १९०९ साली प्रसिद्ध केलेल्या दक्षिण हिंदुस्थानातील जातिजमातींच्या ग्रंथात या दोन्ही नोंदी समाविष्ट केल्या आहेत.

हाच समाज पुढे भावसार क्षत्रिय या नावाने अधिक ओळखला जाऊ लागला. आज कर्नाटकातील अनेक शहरांत त्यांची वस्ती आहे, आणि बंगळूर हे त्यांतील एक प्रमुख शहर. हिंगलाज देवी ही त्यांची कुलस्वामिनी. परशुरामाच्या कोपातून वाचण्यासाठी भावसिंह आणि सारसिंह हे दोन राजपुत्र देवीला शरण गेले, तिने त्यांना अभय दिले आणि त्यांच्या वंशजांनी शस्त्राऐवजी रंग हाती धरला, अशी कथा त्यांच्यात सांगितली जाते. कथेची ऐतिहासिक चिकित्सा करण्याचे येथे कारण नाही. मात्र एका समाजाला आपला व्यवसाय शस्त्राच्या बदली मिळालेला वाटावा, यात त्या व्यवसायाबद्दलचा अभिमान स्पष्ट दिसतो.

हा अभिमान कशाचा होता? रंगाऱ्याच्या घरी रंगांची दुकाने मांडलेली नसत. लाल रंगासाठी आलाचे मूळ किंवा मंजिष्ठा, निळ्यासाठी नीळ, पिवळ्यासाठी हळद किंवा डाळिंबाची साल. एवढीच त्याची मुख्य सामग्री. जोडीला तुरटी, हिरडा, डिंक, आणि गूळ व पाणी यांत लोखंडाचे तुकडे अनेक दिवस कुजवून केलेले काळपट द्रावण. या तुटपुंज्या साहित्यातून फुले, वेली, मोर आणि किनारींनी भरलेली चिटे निर्माण होत. त्यामागील युक्ती समजून घेण्याजोगी आहे.

मंजिष्ठेच्या किंवा आलाच्या काढ्यात कोरे सुती कापड नुसते उकळले तर त्यावर फिकट डाग पडतो आणि धुतला की बराचसा निघून जातो. कापड आणि रंग यांच्यामध्ये सांधा घालणारा तिसरा पदार्थ लागतो. तुरटी हा तसा सांधा आहे. लोखंडाचे द्रावण हा दुसरा. गंमत अशी की एकाच काढ्यातून तुरटी लाल रंग उचलते आणि लोखंड काळपट जांभळा. दोन्हींचे मिश्रण केले तर तपकिरी मिळतो. म्हणून रंगारी कापडावर प्रत्यक्ष रंग छापीतच नसे. प्रथम कापड हिरड्याच्या पाण्यात बुडवून वाळवी. मग डिंकाने दाट केलेले तुरटीचे पाणी एका ठशाने आणि लोखंडाचे पाणी दुसऱ्या ठशाने उमटवी. तुरटीचे छाप त्या वेळी जेमतेम दिसत. नंतर सारे कापड एकाच कढईत उकळले की ज्या त्या जागी जो तो रंग उगवून येई. जेथे काहीच छापलेले नसे तेथील कच्चा डाग धुऊन, उन्हात वाळवून पुन्हा पुन्हा नाहीसा केला जाई, आणि कापडाची पांढरी जमीन उजळून निघे.

रोमन लेखक प्लिनी याने इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमधील अशाच कृतीचे वर्णन केले आहे. कापडावर रंगहीन औषधे लावतात, ते एका रंगाच्या कढईत टाकतात आणि ते अनेक रंगांचे होऊन बाहेर येते, याचे त्याला मोठे आश्चर्य वाटले होते. भारतात ही विद्या त्याहूनही पुरातन आहे. मोहेंजोदडोच्या उत्खननात सापडलेला सुती कापडाचा एक तुकडा मंजिष्ठेच्या जातीच्या रंगाने रंगविलेला होता. सतराव्या शतकात युरोपला भारतीय चिटांचे वेड लागले, तेव्हा फ्रान्स आणि इंग्लंड येथील सरकारांना आपल्या विणकरांच्या रक्षणासाठी त्यांवर बंदी घालावी लागली. बंदीने मागणी थांबली नाही, आणि युरोप कृतीच्या शोधास लागला. १७४२ साली कर्दू नावाच्या फ्रेंच जेझुइट पाद्र्याने दक्षिण भारतातून पाठविलेल्या पत्रात येथील कारागिरांकडून मिळविलेली चिटांची कृती पायरीपायरीने लिहून कळविली. बंगळूरच्या बाबतीत असेच काम फ्रान्सिस बुकॅनन याने केले. टिपू सुलतानाच्या पाडावानंतर, १८०० साली, तो कंपनी सरकारच्या आज्ञेवरून म्हैसूरच्या मुलखाची पाहणी करीत बंगळुरास आला. येथील विणकर रेशीम कसे रंगवितात, लाख, नीळ, हळद आदी वस्तू कशा वापरतात, याची बारीक टिपणे त्याने घेतली. राज्यकर्त्यांना कृती कागदावर हवी होती. कारागिरांपाशी ती हातात होती.

निळीची गोष्ट आणखी वेगळी. निळीचा रंग पाण्यात विरघळत नाही. तो रांजणात आंबवून विरघळवावा लागतो आणि कापड बाहेर काढल्यावर हवेने निळा होतो. त्यामुळे तो ठशाने सहज छापता येत नाही. मग रंगारी उलटा विचार करी. जेथे निळा नको तेथे मेण किंवा मातीचा लेप लावावयाचा, आणि बाकीचे कापड रांजणात बुडवावयाचे. निळ्यावर पिवळा चढविला की हिरवा; लालावर निळा चढला की जांभळट काळा. अशा रीतीने तीन रंग आणि दोन सांधे एवढ्या भांडवलावर लाल, काळा, तपकिरी, निळा, पिवळा, हिरवा, जांभळा आणि शिवाय कापडाचा स्वतःचा पांढरा, अशा आठ छटा एका चिटावर नांदत.

यातून रंगाऱ्याचे जे ज्ञान दिसते त्याचे तीन भाग पडतात. कोणता रंग आधी आणि कोणता नंतर, हा क्रमाचा विचार पहिला. कोणता रंग कोणावर चढला असता काय होईल, हा संयोगाचा विचार दुसरा. आणि कोठे काहीच लावावयाचे नाही, हा संयमाचा विचार तिसरा. कापडाची मोकळी जागा हाही एक रंग आहे, आणि तो फुकट मिळतो, हे ज्याला कळले त्याला मोजक्या रंगांची विद्या कळली.

या विद्येवर एकोणिसाव्या शतकात लागोपाठ आघात झाले. पहिला आघात यंत्राचा होता. स्कॉटलंडच्या टॉमस बेल याने १७८३ साली कोरीव तांब्याच्या रुळांनी कापड छापण्याचे पेटंट घेतले होते. पुढे विलायतेच्या गिरण्यांची छापील कापडे भारताच्या बाजारात पसरली. दुसरा आघात रसायनाचा. १८५६ साली अठरा वर्षांच्या विल्यम पर्किन याला डांबरातून निघालेल्या द्रव्यापासून जांभळा रंग मिळाला. १८६९ साली मंजिष्ठेतील रंगद्रव्य कृत्रिम रीतीने तयार करण्याची पेटंटे घेण्यात आली, आणि १८९७ साली जर्मनीतील कारखान्याची कृत्रिम नीळ बाजारात आली. कृत्रिम मंजिष्ठेलाही तुरटीचा सांधा लागत असल्यामुळे जुनी रीत काही काळ टिकली. परंतु पुढे असे रंग आले की त्यांना सांध्याची गरजच उरली नाही. पुडी पाण्यात टाकावी आणि कापड बुडवावे, इतके काम सोपे झाले. जे काम कोणालाही करता येते, त्यासाठी रंगाऱ्याकडे कोण जाणार?

१८९१ च्या त्या सरकारी नोंदीतील ‘छापण्याचेही’ या शब्दातील ‘ही’ या दृष्टीने लक्षणीय आहे. समाजाचे नाव रंगारी. पण अहवालात त्याची गणना शिंप्यांत झाली आणि रंगकाम पुरवणीसारखे मागे आले. सुईचा धंदा टिकला, वाढला. शिवणयंत्राने त्याला बळ दिले. रंगाचा रांजण मात्र घराघरांतून उठत गेला. शहरही बदलले. रंगकामाला मुबलक पाणी आणि मोकळे ऊन लागते. बंगळूरच्या पेठेला लागून असलेले धर्मांबुधी तळे आटले आणि त्या जागी आज केंपेगौडा बसस्थानक उभे आहे. संपंगी तळ्याच्या जागी क्रीडागार आले. ज्या शहरात तळ्यांच्या जागी रस्ते होतात, तेथे रंगाऱ्याने कापड कोठे धुवावे आणि कोठे वाळत घालावे?

कापडावरची ही विद्या मागे पडत असतानाच कागदावर तिचा दुसरा अवतार घडत होता, आणि तो पुढे पुन्हा कापडावर येणार होता. याकोब क्रिस्टोफ ल ब्लाँ या चित्रकाराने अठराव्या शतकाच्या आरंभी तांबडा, पिवळा आणि निळा अशा तीन पत्र्यांवरून, प्रसंगी काळ्याची जोड देऊन, रंगीत चित्र छापून दाखविले. १७१९ साली इंग्लंडमध्ये त्याला पेटंटही मिळाले. पण कोणत्या पत्र्यावर कोणता अंश ठेवावयाचा हे ठरविण्यास त्याच्या डोळ्यावाचून दुसरे साधन नव्हते, आणि त्याचा उद्योग तोट्यात बुडाला. एकोणिसाव्या शतकातील शिळाछापाने वेगळा मार्ग धरला. तेथे छटेगणिक एकेक दगड वाढविला जाई. पुण्यास १८७८ साली विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि त्यांचे सहकारी यांनी काढलेल्या चित्रशाळेने देवादिकांची व मराठेशाहीतील पुरुषांची रंगीत चित्रे घरोघर पोहोचविली. राजा रविवर्म्यांचा छापखाना १८९४ साली मुंबईस गिरगावात सुरू झाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीस गेला. त्या चित्रांचे वैभव खरे. पण ते दगडांच्या संख्येवर उभे होते.

दगडांची ही रास कमी केली ती ठिपक्याने. छायाचित्र बारीक जाळीतून घेतले असता फिकट भागी लहान व गडद भागी मोठे ठिपके पडतात, आणि दुरून पाहणाऱ्या डोळ्याला त्या ठिपक्यांची सलग छटा भासते. एकाच शाईतून दहा छटा दिसू लागल्या. तीन शायांच्या दहा दहा छटा एकमेकींवर आल्या तर एक हजार मेळ होतात; हे साधे गणित छापखान्यात अवतरले. या शास्त्रात भारताचा वाटा कमी नाही. कलकत्त्याचे उपेंद्रकिशोर रायचौधुरी यांनी १८९५ साली स्वतःचा ठसे करण्याचा कारखाना काढला, आणि जाळी कॅमेऱ्यात नेमक्या किती अंतरावर ठेवावी, तिच्या रेषा कोणत्या कोनात असाव्यात, यांवर केलेले त्यांचे संशोधन विलायतेच्या ‘पेनरोझ’ वार्षिकात १८९७ पासून प्रसिद्ध होत गेले. महाराष्ट्रात या मार्गाने निघालेले एक नाव सर्वांच्या परिचयाचे आहे, ते दादासाहेब फाळके यांचे. चित्रपटाकडे वळण्यापूर्वी ते ठसेकाम आणि रंगीत छपाई यांत गढलेले होते, आणि १९०९ साली छपाईची यंत्रे पाहण्यासाठी जर्मनीस गेले होते.

हा ठिपका कापडावर उतरविणारे साधन म्हणजे आज जिला स्क्रीन म्हणतात ती चौकटीवर ताणलेली जाळी. तिचा पूर्वज जपानमध्ये सापडतो. तेथील कारागीर चिवट कागदात नक्षी कापून कापडावर ठेवीत आणि तिच्यातून खळ लावीत. कापलेल्या नक्षीचे सुटे तुकडे जागच्या जागी राहावेत म्हणून बारीक रेशमी धाग्यांनी ते सांधीत. धाग्यांवरून खळ ओघळून जाई आणि धाग्याची खूण राहत नसे. मग सबंध नक्षीच रेशमी जाळीवर का बसवू नये? १९०७ साली मँचेस्टरच्या सॅम्युएल सायमन याने रेशमी जाळीच्या छपाईचे पेटंट घेतले. पहिल्या महायुद्धाच्या काळात सॅन फ्रान्सिस्कोच्या जॉन पिल्सवर्थ याने एका जाळीवरून अनेक रंग छापण्याची रीत काढली. प्रथम मोठ्या भागात पहिला रंग उमटवावयाचा, मग त्याच जाळीची काही छिद्रे बुजवून दुसरा, पुन्हा बुजवून तिसरा. रंगाऱ्याच्या मेणाच्या लेपाची ही दूरची बहीणच म्हणावयाची. पुढे प्रकाशाने कठीण होणारा लेप जाळीवर चढवून छायाचित्रही तिच्यावर आणता येऊ लागले, आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात साधी विणलेली बनियन जगभर चित्राचा फलक बनली.

बंगळूरच्या छपाईच्या खोलीत आज जे काम चालते ते पाहिले की जुन्या तीन विचारांची ओळख पटते. समजा, काळ्या टी-शर्टवर यक्षगानातील मुकुटधारी पात्राचे चित्र छापावयाचे आहे. मूळ चित्रात शेकडो छटा आहेत. छापणाराजवळ पांढरा, पिवळा, लाल आणि निळा अशा चारच शाया आहेत. काळी शाई तो मुळीच वापरीत नाही. डोळ्यांची बुबुळे, भुवया, मुकुटाच्या खाचा, पाठीमागचा अंधार, हे सारे कापड देते. तेथे काहीच न छापणे हीच छपाई. काळ्या कापडावर पिवळा सरळ छापला तर तो मळकट दिसतो. म्हणून जेथे उजेड हवा तेथे आधी पांढऱ्याचे अस्तर घालावे लागते. हे अस्तर सरसकट नसते. जेथे झळाळी हवी तेथे ते दाट, जेथे सावली उतरते तेथे विरळ ठिपक्यांचे. ते मध्येच उष्णतेने सुकवून त्यावर पिवळा येतो. पिवळ्यावर लालाचे बारीक ठिपके पडले की नारिंगी आणि सोनेरी यांमधल्या छटा उठतात, आणि मुकुट सोन्याचा भासतो. लालाजवळ निळ्याचे ठिपके आले की वस्त्राच्या घडीत जांभळी सावली पडते.

हे सारे जुळून येण्यास चारही जाळ्या केसभरही न हलता एकाच जागी बसल्या पाहिजेत. ठिपक्यांच्या ओळींचे कोन एकमेकींपासून योग्य अंतरावर नसतील तर चित्रावर नको असलेली लहरी नक्षी तरंगू लागते; उपेंद्रकिशोरांना ज्या कोनांनी गुंतविले होते तेच कोन येथे पुन्हा भेटतात. कागदावर इंचाला दीडशे ओळी सहज चालतात. विणलेल्या कापडावर पंचेचाळीस ते पासष्टांवर थांबणे शहाणपणाचे ठरते, कारण कापडाला स्वतःची वीण आहे आणि ती फार बारीक ठिपका गिळून टाकते. शेवटी शर्ट सुमारे १६० अंश सेल्सियस उष्णतेतून काढला की शाई पक्की होते. यातील यंत्र नवे आहे, शाई नवी आहे; परंतु क्रम, संयोग आणि संयम हे तेच आहेत.

तथापि सारे तसेच राहिले असे म्हणणे न्यायाचे होणार नाही. रंगाऱ्याचा लाल रंग सुताच्या आत शिरत असे. धुण्याधुण्याने कापड विरे, तेव्हा त्याच्याबरोबरच रंगही विरे. टी-शर्टवरील बहुतेक शाई प्लॅस्टिकच्या जातीची असते. ती कापडावर कातडीसारखी बसते, आणि काही वर्षांनी तिला भेगा पडतात. दुसरा फरक माणसांचा आहे. रंगाऱ्याचा मुलगा बापाच्या हाताखाली रांजणाचा वास ओळखावयास शिके. आज जाळी ओढणारा कामगार गावोगावहून आलेला असतो आणि रंगांची वाटणी संगणकापुढे बसलेला दुसराच कोणी करीत असतो. डोळा एकाकडे आणि हात दुसऱ्याकडे, अशी ही फाळणी आहे.

ही फाळणी सांधावी असा विचार स्वातंत्र्यानंतर शासनाने केला होता, हे नमूद केले पाहिजे. १९५२ साली अखिल भारतीय हस्तकला मंडळ स्थापन झाले आणि कमलादेवी चट्टोपाध्याय त्याच्या अध्यक्षा झाल्या. मंडळाने मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि बंगळूर येथे आकृतिकेंद्रे उभारली. १९५६ पासून विणकर सेवा केंद्रांची उभारणी सुरू झाली, आणि तेथे चित्रकारांना कारागिरांच्या शेजारी बसविण्यात आले. प्रभाकर बरवे यांच्यासारख्या चित्रकाराने आपल्या आयुष्यातील वीसएक वर्षे या केंद्रांत नोकरी केली. या प्रयत्नांनी पुष्कळ नमुने वाचले, पुष्कळ आकृत्या नव्याने घडल्या. परंतु ज्या घरांतून रांजण उठून गेला होता, त्या घरांत तो परत येणे शक्य नव्हते. नमुना संग्रहालयात ठेवता येतो. सवय ठेवता येत नाही.

आता तर कापडावर सरळ रंग फवारणारी यंत्रे आली आहेत. त्यांना जाळी नको, आणि गिऱ्हाइकाने रंग मोजण्याचेही कारण नाही. एकच शर्ट हवा असेल तर हे यंत्र सोयीचे पडते. मोठ्या संख्येची छपाई अद्याप जाळीवरच स्वस्त पडते. उद्या तेही बदलेल. मग मोजक्या रंगांची विद्या निरुपयोगी ठरेल काय?

इतिहासाचा कौल तसा दिसत नाही. रंगांची टंचाई हे या विद्येचे निमित्त होते. तिचा गाभा निवडीत होता. हजार छटांतून कोणत्या चार निवडल्या असता चित्राचा प्राण राहील, हे ठरविण्यासाठी चित्रात महत्त्वाचे काय आणि गौण काय याचा निर्णय करावा लागतो. ज्याला रंग मोजावे लागत नाहीत, त्याच्यावर हा निर्णय करण्याची सक्ती नसते, आणि सक्ती गेली की सवयही जाते. म्हणूनच पुष्कळ रंगांत छापलेले चित्र पुष्कळदा गढूळ दिसते, आणि जुन्या चिटावरचा तीन रंगांचा मोर मात्र नजरेसमोरून हलत नाही.

बंगळूरच्या पेठेत आजही मराठी कानांवर पडते. कानडीच्या सहवासात तिचे उच्चार थोडे वळले आहेत, काही शब्द बदलले आहेत. पण विठोबाची एकादशी चुकलेली नाही. भावसार घरांतील मुले आज शाळांत, कचेऱ्यांत, कारखान्यांत आहेत. त्यांपैकी एखाद्याच्या अंगावर चार शायांत छापलेला टी-शर्ट असेलही. त्यातील कोरा ठेवलेला काळा भाग पाहून त्याला कोणाची आठवण होण्याचे कारण नाही. परंतु न छापलेल्या जागेचे मोल त्याच्या पूर्वजांना ठाऊक होते. त्या मोलावर त्यांचे घर चालत होते.